अरबीतली विशेषणं: मराठी कानाने शिकताना

अरबी शिकायला बसलेला माणूस पहिल्या आठवड्यात विशेषणांची यादी घोकतो. कबीर म्हणजे मोठा, स़ग़ीर म्हणजे लहान, असे तीस-चाळीस शब्द. यादी तोंडपाठ होते, आणि प्रत्यक्ष ‘मोठी खोली’ म्हणायची वेळ आली की तोंडातून निघतं ‘कबीर ग़ुर्फ़ा’. दोन्ही शब्द बरोबर, पण क्रम उलटा आणि लिंगही जुळलेलं नाही. अरबी माणूस म्हणेल ‘ग़ुर्फ़ा कबीरा’.

म्हणून या लेखात यादी मुद्दाम लहान ठेवली आहे. विशेषण नामाला कसं चिकटतं ते एकदा हाताला लागलं की पन्नास शब्द काय, पाचशेही आपोआप बसत जातात. आणि मराठी माणसाला इथे एक फायदा आहे: ‘चांगला-चांगली-चांगले’ ही फिरवाफिरवी आपल्या अंगात आहे. तोटाही आहे, तो पुढे येईलच.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. नुक्ता दिलेली अक्षरं (क़, ख़, ग़, ज़, ह़, स़, त़, द़) म्हणजे मराठीत जसेच्या तसे नसलेले उच्चार. क़ अगदी मागून, पडजिभेपाशी; ह़ घशातून, काचेवर वाफ सोडल्यासारखा; स़, त़, द़ तोंड भरून, जड. ‘ऐन’ हा घशात आवळून काढायचा वर्ण मी अ़ असा लिहिला आहे. साधा ज ‘जीव’मधला. हे वाचून उच्चार येत नाहीत, ते ऐकूनच येतात. पुस्तकी अरबीत शब्दांच्या शेवटी उन, अन, इन असे विभक्तीचे प्रत्ययही लागतात. सुरुवातीला ते सोडून द्या, रोजच्या बोलण्यात कुणी ते लावत नाही.

पायरी पहिली: नाम आधी, विशेषण मागाहून

‘बैत’ म्हणजे घर. मोठं घर म्हणजे ‘बैत कबीर’. ‘किताब’ म्हणजे पुस्तक, नवं पुस्तक ‘किताब जदीद’. ‘बाब’ म्हणजे दार, उघडं दार ‘बाब मफ़्तूह़’. आधी वस्तू डोळ्यांसमोर आणायची, मग ती कशी आहे ते सांगायचं. पहिले दोन दिवस फक्त एवढंच करा. हे सोपं वाटतं म्हणून लोक घाईने पुढे जातात आणि महिनाभर उलटं बोलत राहतात.

पायरी दुसरी: ‘आ’ आणि ‘ई’ची फसगत

अरबीत लिंगं दोनच, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. नपुंसकलिंग नाही, त्यामुळे आपल्या ‘ते घर’, ‘ते पुस्तक’ यांना कुठेतरी जागा शोधावी लागते. बैत आणि किताब दोन्ही पुल्लिंगी. नाम स्त्रीलिंगी असेल तर विशेषणाला शेवटी ‘आ’ लागतो: कबीर-कबीरा, जदीद-जदीदा, त़वील-त़वीला.

मराठी कान इथेच फसतो. आपल्याकडे आकारान्त म्हणजे पुरुष: मोठा, काळा, उंचापुरा. ईकारान्त म्हणजे बाई: मोठी, काळी. अरबीत बरोबर उलटं आहे. ‘कबीरा’ स्त्रीलिंगी. आणि ‘ई’ने संपणारी विशेषणं, म्हणजे हिन्दी (भारतीय), अ़रबी वगैरे, ही मुळात पुल्लिंगी; त्यांचं स्त्रीलिंग हिन्दिय्या, अ़रबिय्या. ‘रजुल हिन्दी’ म्हणजे भारतीय पुरुष.

‘कुर्सी’ हा शब्द तर खास आपल्यासाठी लावलेला सापळा. आपली खुर्ची तिथूनच आली. मराठीत ती स्त्रीलिंगी, वर ईकारान्त, त्यामुळे ‘नवी खुर्ची’ म्हणताना जीभ ‘कुर्सी जदीदा’कडे वळतेच. पण अरबीत कुर्सी पुल्लिंगी आहे: ‘कुर्सी जदीद’. मी ही चूक इतक्या वेळा केली की शेवटी खुर्चीच्या पाठीलाच ‘जदीद’ असा कागद डकवून ठेवला.

दुसरी सवय ‘सुंदर’ची. मराठीत सुंदर मुलगा, सुंदर मुलगी, सुंदर घर. शब्द हलत नाही. अरबीत ही सवलत जवळजवळ नाही. वलद जमील (सुंदर मुलगा), बिन्त जमीला (सुंदर मुलगी).

काही नामं दिसायला पुल्लिंगी आणि असायला स्त्रीलिंगी असतात. सूर्य (शम्स), पृथ्वी किंवा जमीन (अर्द़), आग (नार), घर या अर्थाचाच दुसरा शब्द ‘दार’, तसंच हात, डोळा, कान, पाय अशा जोडीने असणाऱ्या अवयवांपैकी बहुतेक. चंद्र (क़मर) मात्र पुल्लिंगी. उलट ‘ख़लीफ़ा’ला शेवटी आ आहे, तरी तो पुरुषच, म्हणून ‘ख़लीफ़ा जदीद’. हे अपवाद थोडे आहेत. भेटतील तसे लिहून ठेवा, आधीच घोकू नका.

पायरी तिसरी: ‘अल’चा खेळ

मराठीत ‘अल’सारखं काही नाही, म्हणून ही पायरी सर्वांत जास्त वेळ खाते. ‘अल’ लागलं की वस्तू ठराविक होते: आपण दोघंही जिच्याबद्दल बोलतोय ती. आता हे तीन तुकडे सावकाश वाचा.

बैत कबीर: एक मोठं घर.
अल-बैत अल-कबीर: ते (ठराविक) मोठं घर.
अल-बैत कबीर: घर मोठं आहे.

पहिल्यात कुणालाच ‘अल’ नाही. दुसऱ्यात दोघांनाही आहे. हे दोन्ही नुसते शब्दसमूह, वाक्य नव्हे. तिसऱ्यात नामाला ‘अल’ आहे, विशेषणाला नाही. तिथे वाक्य पूर्ण झालं. वर्तमानकाळात ‘आहे’साठी अरबीत शब्दच नाही, ‘अल’ गाळल्यानेच तो ‘आहे’ निर्माण होतो.

शिकवणीच्या पहिल्या महिन्यात मी मोठ्या ऐटीत ‘अल-कुर्सी अल-जदीद’ असं वाक्य टाकलं आणि शाबासकीची वाट पाहत बसलो. शिक्षकही वाट पाहत बसले. शेवटी म्हणाले, “बरं, ती नवी खुर्ची… तिचं काय झालं?” मला म्हणायचं होतं ‘खुर्ची नवी आहे’, आणि मी म्हटलं होतं नुसतं ‘ती नवी खुर्ची’. एक ‘अल’ जास्त झाला की वाक्य असं हवेत लटकतं.

‘अल’चा उच्चार नेहमी अल राहत नाही. अरबीच्या २८ अक्षरांपैकी १४ अक्षरांपुढे त्यातला ल गळतो आणि पुढचं अक्षर दुप्पट होतं: अल-शम्स नव्हे, अश-शम्स; अर-रजुल (तो पुरुष), अस-सय्यारा (ती गाडी). या अक्षरांना ‘सूर्याक्षरं’ म्हणतात आणि उरलेल्या १४ ना ‘चंद्राक्षरं’, कारण शम्समध्ये ल गळतो आणि अल-क़मरमध्ये राहतो. विशेषणालाही हाच नियम: अर-रजुल अत़-त़वील, म्हणजे तो उंच पुरुष.

‘माझं’, ‘तुझं’ लागलेलं नाम ठराविकच धरलं जातं, म्हणून त्याच्या विशेषणाला ‘अल’ हवा. बैती म्हणजे माझं घर. ‘बैती अल-कबीर’ म्हणजे माझं मोठं घर, ‘बैती कबीर’ म्हणजे माझं घर मोठं आहे.

नकाशातली नावं इथे फुकटची उजळणी देतात. तांबडा समुद्र अल-बह़र अल-अह़मर, काळा समुद्र अल-बह़र अल-अस्वद. अरबस्तानातलं ते अफाट वाळवंट अर-रुबअ़ अल-ख़ाली, शब्दशः ‘तो रिकामा चतुर्थांश’. आपण जागा ‘खाली’ करतो तोच हा ख़ाली. मोरोक्कोतल्या कासाब्लांकाचं अरबी नाव अद-दार अल-बैद़ा, ‘ते पांढरं घर’. दार स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. प्रत्येक नावात ‘अल’ दोनदा आला आहे, हे बोट ठेवून मोजा.

पायरी चौथी: शब्द जोडीने घ्या

एकटा शब्द निसटतो, विरुद्धार्थी जोडी टिकते. या एवढ्या पुरेशा आहेत:

कबीर मोठा, स़ग़ीर लहान.
जदीद नवा, क़दीम जुना.
त़वील लांब किंवा उंच, क़स़ीर आखूड किंवा बुटका.
जमील सुंदर, क़बीह़ कुरूप.
सह्ल सोपा, स़अ़ब अवघड.
ह़ार्र गरम, बारिद थंड.
थक़ील जड, ख़फ़ीफ़ हलका (थ म्हणताना जिभेचं टोक दातांच्या मध्ये).
नज़ीफ़ स्वच्छ, वसिख़ घाणेरडा.
रख़ीस़ स्वस्त, ग़ाली महाग.
ग़नी श्रीमंत, फ़क़ीर गरीब.
मफ़्तूह़ उघडा, मुग़्लक़ बंद.

अर्थाच्या सीमा मराठीशी तंतोतंत जुळत नाहीत. आपण दोरी लांब म्हणतो आणि माणूस उंच. अरबीत दोन्ही त़वील. क़दीम मात्र वस्तूंसाठी. वयस्कर माणसाला क़दीम म्हटलं तर तो पुरातन अवशेष ठरेल. त्याच्यासाठी कबीर, किंवा स्पष्ट करायचं तर ‘कबीर फ़िस-सिन्न’, वयाने मोठा. ग़ाली महागही आणि जिवलगही. आणि ज्याच्याबरोबर वेळ मजेत जातो, तो ‘ख़फ़ीफ़ अद-दम’, हलक्या रक्ताचा. थक़ील अद-दम कोण, ते सांगायला नको. प्रत्येकाच्या ओळखीत एक असतो.

पायरी पाचवी: साचे ओळखा

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो, आणि स्वर त्यात साच्यासारखे भरले जातात. क-ब-र घेतलं, अ-ई या साच्यात ओतलं, कबीर झालं. वरच्या यादीत या एकाच साच्याचे किती निघाले पाहा: स़ग़ीर, जदीद, क़दीम, त़वील, क़स़ीर, जमील, थक़ील, ख़फ़ीफ़. अनोळखी शब्द या चालीचा कानावर पडला, तर तो विशेषण असण्याची शक्यता बरीच.

हे साचे आपल्या ओळखीचे आहेत. फारसीच्या वाटेने मराठीत आलेले अरबी शब्द आठवा. हजर, गाफील, जालीम, फाजील, लायक, कायम: हे सगळे मूळचे ‘फ़ाइल’ साच्यातले, म्हणजे पहिल्या व्यंजनानंतर आ, दुसऱ्यानंतर इ. मजबूत, मशहूर, मंजूर, मजकूर: हे ‘मफ़्ऊल’ साच्यातले, ‘झालेला, केलेला’ अशा अर्थाचे. मफ़्तूह़ (उघडलेला) त्यांचाच भाऊ. वाटेत द़चा ज झाला एवढंच: ह़ाद़िरचा हजर, मद़्बूत़चा मजबूत.

पण ओळखीच्या चेहऱ्यावर भुलू नका, अर्थ बदललेत. अरबीत ‘ग़रीब’ म्हणजे विचित्र, परका. पैशाने गरीब तो ‘फ़क़ीर’. ‘मद़्बूत़’ म्हणजे अचूक, नेमका. इजिप्तमध्ये कॉफी ‘मज़्बूत़’ मागवली तर ती बेताच्या साखरेची येते, कडक नव्हे. आपण जालीम औषध शोधतो. अरबीत ‘ज़ालिम’ म्हणजे जुलमी. आणि फाजील आत्मविश्वासातला ‘फ़ाद़िल’ तिकडे सद्गुणी, श्रेष्ठ माणसाला म्हणतात. शब्दांची अशी कुचंबणा पाहून मला नेहमी गंमत वाटते.

आणखी एक साचा लगेच कामी येतो, ‘आन’चा: तअ़बान (दमलेला), अ़त़्शान (तहानलेला), कस्लान (आळशी), ज़अ़लान (रुसलेला). पुस्तकी व्याकरणात यांतल्या काहींचं स्त्रीलिंग वेगळ्या पद्धतीने होतं, पण बोलण्यात सरळ तअ़बाना, अ़त़्शाना चालतं. आणि कशाचा नकार करायचा तर आपलाच ‘गैर’: ग़ैर मुम्किन, अशक्य. गैरहजर म्हणणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको.

पायरी सहावी: अनेकवचन

इथे अरबी थोडी विचित्र, म्हणजे अरबी अर्थाने ग़रीब, वागते. नाम माणसांचं आहे की नाही, हे आधी विचारायचं.

माणसं नसतील, म्हणजे वस्तू, प्राणी, कल्पना असतील, तर त्यांचं अनेकवचन स्त्रीलिंगी एकवचनासारखं वागतं. किताबचं अनेकवचन कुतुब. नवी पुस्तकं ‘कुतुब जदीदा’. बैतचं बुयूत, मोठी घरं ‘बुयूत कबीरा’. किताब पुल्लिंगी होतं की नव्हतं, आता फरक पडत नाही. संयुक्त अरब अमिरातीचं अधिकृत नावच पाठ करा: अल-इमारात अल-अ़रबिय्या अल-मुत्तह़िदा. अमिराती अनेक, पण विशेषणं दोन्ही एकवचनी, स्त्रीलिंगी. संयुक्त राष्ट्रंही तशीच, अल-उमम अल-मुत्तह़िदा.

माणसं असतील तर विशेषणालाही खरं अनेकवचन हवं, आणि ते बहुधा शब्द आतून मोडून होतं. कबीर-किबार, स़ग़ीर-स़िग़ार, त़वील-त़िवाल, जदीद-जुदुद, फ़क़ीर-फ़ुक़रा. म्हणून उंच पुरुष ‘रिजाल त़िवाल’. ही रूपं शब्दागणिक लक्षात ठेवावी लागतात, त्याला इलाज नाही. फ़ुक़राची चाल मात्र ओळखीची आहे: अमीरचं अनेकवचन उमरा, आणि त्याचाच आपला ‘उमराव’.

दोघांसाठी वेगळं द्विवचनही आहे. सध्या त्याकडे डोळेझाक करा.

रंग आणि तुलना

मूळ रंगांचा साचा स्वतंत्र आहे. पुल्लिंग ‘अ’ने सुरू होतं, स्त्रीलिंग ‘आ’ने संपतं: अह़मर-ह़म्रा लाल, अबयद़-बैद़ा पांढरा, अस्वद-सौदा काळा, अख़्द़र-ख़द़्रा हिरवा, अज़्रक़-ज़र्क़ा निळा, अस़्फ़र-स़फ़्रा पिवळा. स्पेनमधल्या ग्रानाडाचा अलहम्रा राजवाडा म्हणजे हाच ‘ह़म्रा’, तांबडी. बाकीचे रंग आपल्यासारखेच वस्तूवरून ‘ई’ लावून होतात. गुलाबावरून गुलाबी तसं वर्दवरून वर्दी, राखेवरून राखाडी तसं रमादवरून रमादी, नारिंगी ती बुर्तुक़ाली, आणि तपकिरी ‘बुन्नी’, कॉफीच्या बियांवरून.

तुलनेचा साचाही ‘अ’नेच सुरू होतो आणि तो तुम्हाला माणसांच्या नावांतून आधीच येतो. कबीरहून मोठा अकबर, स़ग़ीरहून लहान अस़्ग़र, जमीलहून सुंदर अजमल, फ़ाद़िलहून सरस अफ़्द़ल. ‘पेक्षा’साठी ‘मिन’: ‘अल-बैत अकबर मिन अल-ग़ुर्फ़ा’, घर खोलीपेक्षा मोठं आहे. या वाक्यात लिंग बदललं तरी अकबर जागचा हलत नाही, हा मोठा दिलासा. ‘सर्वांत मोठं घर’ म्हणताना मात्र क्रम उलटतो: ‘अकबर बैत’. पहिल्या पायरीवर ठोकून बसवलेला नियम इथे एकदाच मोडायचा.

सराव, आणि बोलीचं काय

रोज दहा मिनिटं, बसल्या जागेवरून. खोलीतल्या पाच वस्तू निवडा, तीन पुल्लिंगी आणि दोन स्त्रीलिंगी: बाब, किताब, कुर्सी, नाफ़िज़ा (खिडकी), ह़क़ीबा (पिशवी). प्रत्येकीला एक विशेषण द्या आणि तिसऱ्या पायरीतले तीनही तुकडे मोठ्याने म्हणा: नाफ़िज़ा मफ़्तूह़ा, अन-नाफ़िज़ा अल-मफ़्तूह़ा, अन-नाफ़िज़ा मफ़्तूह़ा. लिहू नका, म्हणा. लिहिताना विचार करायला वेळ मिळतो, बोलताना मिळत नाही. आणि चूक बोलतानाच होते. आठवड्याने वस्तू बदला, नंतर अनेकवचनं घ्या.

ज्यांना विशिष्ट देशातल्या लोकांशी बोलायचं आहे त्यांनी ‘चांगला’ हा एक शब्द तरी तिथला घ्यावा, कारण तो दिवसातून शंभरदा लागतो. पुस्तकात जय्यिद, इजिप्तमध्ये कुवय्यिस, सीरिया-लेबनॉनकडे म्नीह़, आखातात आणि इराकमध्ये ज़ेन, मोरोक्कोत मिज़्यान. ह़िल्व म्हणजे गोड, आणि बऱ्याच बोलींत छान, देखणा. आपला हलवा याच धातूचा. क़ाहिराकडे (म्हणजे कैरोकडे) जचा ग होतो, तेव्हा ‘गमील’ ऐकलं तर तो जमीलच समजा. नियम, म्हणजे क्रम, लिंग आणि ‘अल’, सगळीकडे बहुतांशी तेच राहतात.

आता स्वतःला तपासा. उत्तर झाकून आधी मोठ्याने म्हणा.

नवं दार: बाब जदीद.
खिडकी उघडी आहे: अन-नाफ़िज़ा मफ़्तूह़ा.
एक लाल गाडी: सय्यारा ह़म्रा.
ती जड पिशवी: अल-ह़क़ीबा अथ-थक़ीला.
पुस्तक खुर्चीपेक्षा जुनं आहे: अल-किताब अक़्दम मिन अल-कुर्सी.
माझी जुनी पुस्तकं: कुतुबी अल-क़दीमा.

शेवटचं चुकलं असेल तर कुठे चुकलं ते पाहा. ‘अल’ राहिला असेल, तर ‘माझी’ लागल्यावर नाम ठराविक होतं ते विसरलात, आणि नकळत ‘माझी पुस्तकं जुनी आहेत’ असं बोलून बसलात. ‘क़दीम’ म्हणाला असाल, तर किताब पुल्लिंगी आहे एवढंच आठवलं, पुस्तकं माणसं नाहीत हे राहिलं. आणि ‘क़दीमा कुतुबी’ म्हणाला असाल, तर उद्या परत बैत कबीरपासून.